दूध-डाळ की ५-एचटीपीची गोळी?

झोपेसाठी वाशीच्या मेडिकलमध्ये ५-एचटीपीची बाटली घ्यावी का, असा प्रश्न पडलेल्यांसाठी.

आहारातल्या ट्रिप्टोफॅन या प्रथिनाच्या घटकापासून शरीर ५-एचटीपी बनवतं आणि त्यापासून सेरोटोनिन, म्हणजे झोपेशी संबंधित रसायन. ६० किलो वजनाला रोज साधारण २४० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन लागतं. दोन कप दूध, वाटीभर डाळ आणि मूठभर शेंगदाण्यांत ते भागतं, वेगळा खर्च नाही. पण त्यातला बहुतेक भाग यकृतात किन्युरेनिन या वेगळ्याच पदार्थाच्या वाटेने जातो, तिथून नायसिनही (ब-३ जीवनसत्त्व) बनतं. सेरोटोनिनच्या वाट्याला जेमतेम १-२ टक्के. गोळी ही वाट टाळते. मात्र बरंचसं सेरोटोनिन आतड्यातच तयार होतं, म्हणून मळमळ. नायसिन तर मिळतच नाही. नैराश्यावरचं सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम किंवा वेदनाशामक ट्रामाडॉल चालू असेल तर गोळी नकोच: घाम, थरथर, ताप, म्हणजे सेरोटोनिन सिंड्रोमचा (शरीरात सेरोटोनिन घातक प्रमाणात वाढण्याचा) धोका.

कधीमधी झोप उडणाऱ्यांना आहार पुरे. महिनाभर झोप नसेल तर आधी डॉक्टर. गोळी त्यांनी चालू औषधं पाहून सांगितली तरच.