पेटी की पाटी? टर्कीसाठी पहिला फ्रिक्शन कॉल निवडताना

पेनसिल्वेनियात स्थायिक झालेले आणि वसंतातल्या टर्की-शिकारीकडे नव्यानं वळलेले मराठी मित्र दर मार्चमध्ये मला एकच प्रश्न विचारतात. पहिला कॉल, म्हणजे मादीचा आवाज काढून नराला बोलावायचं साधन, बॉक्स घ्यावा की पॉट? दोन्ही फ्रिक्शन कॉल, म्हणजे घासून वाजणारे: बॉक्स ही झाकण घासून वाजवायची लाकडी पेटी, पॉट ही दांडीनं घासायची दगडाची नाहीतर काचेची गोल पाटी. तोवर लायसन्स काढून झालेलं असतं, बंदूक ठरलेली असते, कपडे आलेले असतात. अडतं ते इथेच. मी आधी बॉक्स घेतला, चार हंगाम तोच वापरला आणि मग पॉटकडे वळलो. आमच्या घरी त्यांना पेटी आणि पाटी म्हणतात, म्हणून इथेही तेच शब्द वापरतो.

आमच्या राज्यात हा प्रश्न हौसेपुरता नाही. वसंतात इथे फक्त दाढीवाला, म्हणजे छातीवर केसांसारखा झुपका असलेला, पक्षी मारता येतो आणि तोही साद घालून बोलावलेलाच. दबकत त्याच्या मागावर जाणं नियमात बसत नाही, रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणंही नाही. सगळी भिस्त हातातल्या लाकडाच्या नाहीतर दगडाच्या तुकड्यावर. त्यात निसर्गाचा क्रम आपल्या विरुद्ध आहे. एरवी नर झाडावरून ओरडतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. आपण मादीच्या आवाजात त्यालाच 'तू ये' म्हणतो. तो पुष्कळदा साठ-सत्तर यार्डांवर थांबून पिसारा फुलवतो आणि वाट बघत बसतो, ते यामुळेच. शेवटच्या त्या तीस यार्डांत कॉल कसा वागतो, त्यावर माझी सगळी आवडनिवड उभी आहे.

दोन्हींमागचं तत्त्व एकच. व्हायोलिनच्या गजाला राळ लावतात ती तारेला पकड मिळावी म्हणून. पेटीच्या झाकणाला खडू लावतात तोही त्याचसाठी. घासणारी गोष्ट धरते, सुटते, पुन्हा धरते, आणि ती थरथर खालच्या पोकळीत घुमते. पाटीला खडू लागत नाही, तिथे पकड येते ती पृष्ठभाग खरखरीत ठेवल्यामुळे.

पेटीबद्दल मला मनापासून आदर आहे. आर्कन्सातल्या डार्डनेल गावच्या हेन्री गिब्सननं १८९७ मध्ये आपल्या पेटीचं पेटंट घेतलं, आणि आजच्या पेट्यांचा घाट त्याहून फारसा वेगळा नाही. इतकी वर्षं टिकलेल्या वस्तूत काहीतरी मूलभूत बरोबर असतं. मादीचा यल्प, म्हणजे तिची नेहमीची साद, उंच सुरावर सुरू होऊन खाली मोडतो. पेटीच्या कडेला जी हलकी गोलाई दिलेली असते, तिच्यातच ही मोड असते. झाकण हलक्या हातानं, कडेवरून न उचलता ओढलं की यल्प निघतो. मला पहिल्याच संध्याकाळी निघाला. दोन भिंती सहसा दोन वेगळे आवाज देतात, त्यामुळे एकाच पेटीत दोन माद्या मिळतात. आणि वाऱ्याच्या दिवशी, डोंगराच्या पलीकडच्या सोंडेवर आवाज पोचवायचा असेल, तर निदान माझ्याकडच्या साधनांत पेटीच्या तोडीचं दुसरं काही नाही.

सांभाळायलाही फार काही लागत नाही. खडू बिनतेलाचा हवा, बिलियर्ड्सचा नको. झाकणाचा स्क्रू फिरवून बघण्याचा मोह टाळावा, कारण बनवणाऱ्यानं तो कानानं लावलेला असतो. रबरबँड लावून पेटी हलवली की नराच्या गॉबलची, म्हणजे त्याच्या ओरडण्याची, नक्कल होते. सार्वजनिक जंगलात मात्र हे कधीही करू नये, त्या आवाजाच्या रोखानं दुसरा शिकारी येतो.

मग मी ती का सोडली? एका कुरकुरीमुळे. अक्षरशः कुरकुरीमुळे.

पेटीचे दोन भाग कायम एकमेकांना टेकलेले असतात. झाकण पेटीवरच बसतं, आणि दोन्हींमध्ये खडू असतो. म्हणून पेटी कधीच पूर्ण गप्प नसते. चालताना वेस्टच्या खिशात ती पावलागणिक कुईकुई करते. रबरबँड लावला तर कमी करते. मध्ये फडक्याची घडी ठेवली तर जवळजवळ बंद होते, पण नर ओरडला की आधी रबरबँड काढा, मग घडी काढा, ती कुठे ठेवायची ते बघा, आणि हे सगळं दोन्ही हातांनी. मी सगळे उपाय केले. चालतानाची कुरकुर त्यांनी थांबली. पेटी खाली ठेवतानाची नाही थांबली.

रॉथरॉक फॉरेस्टमधली एक सकाळ मला आजही लख्ख आठवते. मे महिन्याचा पहिला आठवडा. ओकच्या रुंद बुंध्याला पाठ टेकून बसलो होतो, समोर माउंटन लॉरेलची दाट झुडपं. उजाडताना नर बोलला, झाडावरून उतरल्यावर पुन्हा बोलला, आणि मग बराच वेळ काहीच नाही. गप्प झालेला नर पुष्कळदा येतच असतो, एवढं तोवर मला कळायला लागलं होतं. झुडपांमागून आधी त्याच्या पंखांची टोकं जमिनीवर घासल्याचा आवाज आला, मग छातीतला तो खोल ढुम्. पंचेचाळीसेक यार्ड असेल. अजून थोडा पुढे यायला हवा होता. बंदूक गुडघ्यावर होती, पेटी डाव्या हातात. ती मी मांडीशेजारच्या पानांवर इतकी सावकाश ठेवली की त्याहून सावकाश ठेवणं मला जमलं नसतं. झाकण जेमतेम केसभर सरकलं आणि 'क्यॅक' झालं. मादीच्या भाषेत त्याला काही अर्थ नव्हता. नरानं एकदाच 'पट्' केलं, त्यांचा धोक्याचा शब्द, आणि झुडपं रिकामी झाली.

पुढच्या वर्षी तेच पुन्हा घडलं, तेव्हा मी निर्णय घेतला. हा पक्षी १९३०च्या दशकात देशभरात सुमारे दोन लाखांवर आला होता. १९५१ मध्ये साउथ कॅरोलायनात तोफेनं जाळं उडवून रानटी टर्की पकडायला सुरुवात झाली, पकडलेले पक्षी दुसऱ्या जंगलांत नेऊन सोडले गेले, आणि अशी कित्येक वर्षांची मेहनत झाली तेव्हा कुठे आज सकाळी त्याचा आवाज ऐकू येतो. असा पक्षी जवळ येऊन आपल्या खडखडाटानं निघून जातो, तेव्हा मला ते फार लागतं.

पाटीचे दोन भाग वेगळे असतात. पाटी वेगळी, दांडी वेगळी. एकमेकांना टेकवल्याशिवाय दोन्ही मुक्या. माझ्यासाठी एवढी एक गोष्ट बाकी सगळ्यावर भारी ठरली. पाटी मांडीवरच राहू द्यायची, दांडी पानांत सोडून द्यायची, हात बंदुकीकडे. शिवाय पेटीच्या झाकणाचा झोका डोळ्यांत भरतो, पाटीवरच्या दांडीचं टोक चार आण्याच्या नाण्याएवढ्या जागेत फिरतं. टर्कीचे डोळे बघता हा फरक लहान नाही.

पण पाटी शिकावी लागते, हे मी लपवणार नाही. पहिले दोन आठवडे माझ्याकडून फक्त किंचाळ्या निघाल्या. त्या वर्षी आई इकडे आली होती. गॅरेजचं दार उघडून तिनं विचारलं, "अरे, पाटीवर पेन्सिल कोण ओढतंय?" तिला दाखवलं तर तीच म्हणाली, "तिरकी धर ना. आम्ही मुलांना तेच सांगायचो." ती चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होती. आणि खरंच, माझी दांडी सरळ उभी होती. पेनासारखी धरून किंचित तिरकी केली आणि किंचाळी गेली.

बाकीच्या गोष्टी मला सावकाश कळल्या. पाटी तळहातावर बसवायची नाही, बोटांच्या टोकांवर तोलायची, नाहीतर खालची भोकं बुजतात आणि आवाज गुदमरतो. यल्पसाठी टोक न उचलता लहानसा लंबगोल काढायचा. क्लकसाठी, म्हणजे एकाच तुटक स्वरासाठी, जरा दाबून एकच झटका. पर्रसाठी, म्हणजे मऊ घुरघुरीसाठी, दांडीच्या वजनानंच तिला हळूहळू ओढायचं, आपण जोर द्यायचा नाही. तबल्याला चाटेवर आणि मध्यावर वेगळा आवाज येतो तसंच इथेही आहे. कडेजवळ उंच, आत गेलं की खाली. आवाजाची गोडी जिथे मिळेल ती जागा शोधून पाटीच्या कडेला बारीक खूण करून ठेवा, म्हणजे अंधारात अंगठ्याला सापडते. पाटीवर बोट मात्र लावू नका, कातडीचं तेल बसलं की दांडी नुसती घसरते.

सुरापेक्षा ठेका महत्त्वाचा. लहानपणी माळावर तितराची साद तोंडानं काढणारे पारधी मी ऐकले आहेत. त्या आवाजातली ओढ आणि विश्रांती इतकी अचूक असायची की तितर उत्तर द्यायचेच. टर्कीचंही तसंच आहे. मार्चअखेर पहाटे जंगलात जाऊन फक्त ऐका, साद घालू नका, हंगामाआधीच पक्षी सावध होतो. खऱ्या माद्या कधी कधी भलत्या बेसूर असतात, पण ठेका सोडत नाहीत.

पाटीचा खरा दोष ओल. मे महिन्यातलं दव, रिमझिम, घामेजलेला हात, यातलं काहीही दगडी पाटीला मुकं करतं. पेटीचंही पावसात तेच होतं, पण तिला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीसकट वाजवता येतं. पाटीला ती सोय नाही. मी त्यावर काढलेला मार्ग म्हणजे दुसरी, काचेची पाटी आणि अ‍ॅक्रिलिकची दांडी. काच खरखरीत पॉलिश पेपरनं एकाच दिशेनं घासायची आणि दांडी त्या रेघांना आडवी ओढायची, ओल्यातही बोलते. दगडाला मात्र बारीक पेपर किंवा भांडी घासायची हिरवी जाळी पुरते. काचेचा आवाज चढा आणि धारदार असतो. जवळच्या, कुजबुजत्या बोलण्यासाठी मला दगडच आवडतो. दगडावरच्या पर्रमध्ये जो मऊपणा आहे तो मला पेटीत कधी मिळाला नाही. दुसऱ्या कुणाच्या हाताला मिळत असेलही.

एका बोटानं दाबायचा पुश-बटण कॉल लहान मुलांना उत्तम आहे, आवाज बरा येतो, पण त्याला एकच भाव कळतो. तोंडात ठेवायचा पडदा हा घर्षणाचा प्रकारच नाही, त्याबद्दल मी बोलत नाही.

आता तुमचं. उघड्या शेताडीत, वाऱ्याच्या प्रदेशात जाणार असाल, किंवा वर्षातून दोनच सकाळी मिळणार असतील, तर पेटी घ्या, त्यात काही कमी नाही. दाट झाडीत, जवळून, थोडं बोलून जास्त गप्प राहायची तयारी असेल तर मी पाटीच सुचवेन. दुकानात पाटीपेक्षा दांड्यांवर वेळ घालवा. हिकरी, पर्पलहार्ट आणि आणखी एखादं लाकूड एकाच पाटीवर ओढून बघा, तीन माद्या बोलल्यासारख्या वाटतात. हंगामाला सहा आठवडे असतील तर दगडी पाटी आणि दोन दांड्या आजच आणा. आज बुधवार असेल आणि हंगाम शनिवारी उघडत असेल, तर पेटी आणा, झाकणाखाली फडक्याची घडी ठेवा, आणि नर दिसायच्या बऱ्याच आधी ती जमिनीवर ठेवून द्या.