कोकणातल्या कॉलेजची नवी इमारत: बंद, उघडी की मधली?

मार्चअखेरीस रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात दुपारी ३ वाजता बसलो होतो. पश्चिमेची भिंत अर्धी काचेची. खिडक्या सरकत्या, त्यामुळे कितीही उघडल्या तरी निम्मी काच वाऱ्याच्या वाटेत उभीच. स्लॅब एवढा तापलेला की पंखा लावला की छताजवळची गरम हवा थेट अंगावर यायची. मुलांनी बाकं ओढून व्हरांड्याच्या बाजूला नेली होती, खिडकीकडचा भाग रिकामा पडला होता. संस्थेने १२ वर्गांसाठी एसीचं कोटेशन मागवलं होतं. शेजारी होणाऱ्या नव्या इमारतीत तर एसी पहिल्यापासूनच धरायचा, असं इमारत समितीत जवळपास ठरलं होतं.

हा लेख अशा समितीत बसणाऱ्यांसाठी आहे. किनारपट्टीवर, म्हणजे पालघरपासून गोव्यापर्यंत, कॉलेजची इमारत बांधताना तुमच्यापुढे मुळात तीन वाटा असतात. पहिली, काचा लावून बंद केलेली आणि पूर्ण एसीवर चालणारी इमारत. दुसरी, सावली, वारा आणि पंखे यांवर चालणारी उघडी इमारत. तिसरी, दोन्हींच्या मधली: पंखे कायम, आणि एसी गरजेपुरता, तोही कमी गार. पहिलीची उदाहरणं प्रत्येक शहरात आहेत. दुसरीचं मला सर्वात जवळचं वाटणारं उदाहरण म्हणजे वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी १९७० च्या दशकात तिरुवनंतपुरमला बांधलेलं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संशोधन संस्थेचं आवार. तिसरीचं उदाहरण सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातली, २०१९ साली सुरू झालेली एसडीई-४ ही वास्तुकला विभागाची सहा मजली इमारत. वर्षाला लागेल तेवढी वीज स्वतःच्या छतावर तयार करायची, हे उद्दिष्ट ठेवून ती बांधली गेली.

आधी दमट हवेचं

नागपुरात कूलर चालतो, देवगडला चालत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण इमारतीचा नकाशा काढताना आपण तेच विसरतो. सोलापूरकडच्या जाड भिंतीच्या घरात दुपारी गार वाटतं, कारण रात्री पारा चांगला उतरतो आणि भिंत रात्रभरात निवते. किनाऱ्यावर, विशेषतः पावसाळ्यात, दिवसरात्रीच्या तापमानात मोजक्या अंशांचाच फरक असतो. भिंत निवायला वेळच मिळत नाही. इथे माणसाला बरं वाटतं ते अंगावरचा घाम वाळल्यावर, आणि घाम वाळतो तो हवा हलली तर. सेकंदाला साधारण १ मीटर वेगाने वारा अंगावरून गेला तर तापमान सुमारे ३ अंशांनी उतरल्यासारखं वाटतं.

म्हणून या हवामानात पहिली गरज सावलीची, दुसरी वाऱ्याची आणि यंत्राची पाळी त्यानंतर. तिन्ही पर्याय मी याच क्रमाने तपासतो.

विजेचा हिशेब, एका वर्गापुरता

६० मुलांचा, ७० चौरस मीटरचा वर्ग घेऊ. बसलेल्या माणसाच्या अंगातून शंभराहून थोडी जास्त वॉट उष्णता बाहेर पडते. म्हणजे एसीच्या भाषेत (१ टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढायची ताकद) ६० मुलं म्हणजेच २ टन, ऊन आणि दिवे अजून धरलेच नाहीत. मुलांना पुरेल एवढी ताजी हवा बाहेरून घ्यायची ठरवली तर त्या दमट हवेतलं पाणी काढून ती गार करायला याहूनही जास्त ताकद लागते. म्हणूनच आपल्याकडे भिंतीवर स्प्लिट एसी लावतात, आणि तो ताजी हवा घेतच नाही. खोलीतलीच हवा फिरवत राहतो. दारं-खिडक्या बंद, ६० मुलं, दुसरा तास सुरू झाला की जांभया सुरू. त्याचा दोष शिकवणाऱ्याला लागतो.

आता माझा ढोबळ हिशेब. दिवसाला ६ तास, वर्षाला २०० दिवस. उघड्या वर्गात ३० वॉटचे ८ बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे वर्षाला ३०० युनिटही खात नाहीत. बंद वर्गातले एसी मिळून ४ किलोवॉटचे धरले आणि कॉम्प्रेसर ७० टक्के वेळ चालतो असं मानलं, तर वर्षाला सुमारे ३,३०० युनिट होतात. मधल्या पर्यायात एसी फक्त उकाड्याचे १०० दिवस, तोही २८ अंशांवर, आणि पंखे कायम चालू. तिथे आकडा दीड हजार युनिटच्या आसपास येतो. आपल्या ग्रिडची एक युनिट वीज साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड घेऊन येते. म्हणजे उघडा वर्ग वर्षाला २०० किलो, मधला हजारावर, बंद सव्वादोन टनांच्याही पुढे.

‘आम्ही वर सोलर लावणार आहोत’ हे उत्तर प्रत्येक बैठकीत येतं. त्याचाही हिशेब करा. १ किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर छत लागतं आणि वर्षाला १,४०० युनिटच्या आसपास वीज मिळते. तीन मजली इमारतीत एकेका वर्गाच्या वाट्याला छत येतं ते २३ चौरस मीटर. बंद वर्गांचे एसीच ते सगळं छत खाऊन टाकतात. प्रयोगशाळा, पाण्याचा पंप, लिफ्ट, व्हरांड्यातले दिवे यांना काहीच उरत नाही. मधल्या पर्यायात निम्मं छत उरतं, उघड्यात जवळजवळ सगळं.

एसडीई-४ चं गमक हेच आहे. छतावर १,२०० हून जास्त सोलर पॅनेल आहेत, पण त्याआधी त्यांनी विजेची भूक कमी केली. ८,५८८ चौरस मीटरच्या इमारतीतला बराच भाग, व्हरांडे, जिने, कामाच्या गच्च्या, सरळ उघडा ठेवला. बंद खोल्यांमध्ये पूर्ण ताजी हवा थोडीशी गार करून सोडली जाते. ती नेहमीच्या एसीपेक्षा जास्त तापमानाची आणि थोडी जास्त दमट असते, आणि उरलेलं काम छताचे पंखे करतात. मोठं छत भिंतींच्या बरंच बाहेर येऊन सावली धरतं आणि पॅनेलनाही जागा देतं.

मात्र सिंगापूर विषुववृत्ताला खेटून आहे, तिथे बारा महिने एकच ऋतू. आपलं तसं नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी कोकणात पंखाही मंद लागतो. मेमध्ये वर्ग नसतात. अडचणीचे काळ दोनच, ऑक्टोबरचा उकाडा आणि मार्च-एप्रिलच्या परीक्षा. सिंगापूरने वर्षभरासाठी जे यंत्र बसवलं ते आपल्याला सगळ्या वर्गांत लागतच नाही. माझं मत उघड्या इमारतीकडे झुकतं ते इथे.

बेकरांकडून काय घ्यावं

१९४० च्या दशकात मुंबईत बोटीची वाट पाहताना बेकर गांधीजींना भेटले. आदर्श घर ५ मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून बांधलेलं असावं, हे गांधीजींचं म्हणणं ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. तिरुवनंतपुरमच्या त्या आवारात उघड्या विटा आहेत, जागेवरची झाडं राखून त्यांच्या मधून फिरणाऱ्या इमारती आहेत, चौक आहेत, आणि भिंतीच्या भिंती विटांच्या जाळीच्या आहेत. जाळीतून उजेड चाळून आत येतो, वारा अडत नाही, आणि काच, चौकट, बिजागरी यांचा खर्चच राहत नाही. विटा आडव्या न मांडता उभ्या धारेवर मांडून मध्ये पोकळी ठेवायची त्यांची रॅट-ट्रॅप पद्धत सुमारे २५ टक्के विटा वाचवते. स्लॅबच्या खालच्या अंगाला, जिथे काँक्रीटचा फारसा उपयोग नसतो, तिथे जुनी मंगलोरी कौलं भरायची युक्ती सिमेंट वाचवते.

आपल्याकडे ५ मैलांच्या आत जांभा दगड आहे. त्याचा चिरा भट्टीत भाजावा लागत नाही, खाणीतून कापून निघतो आणि उघड्यावर राहून आणखी घट्ट होतो. उलट एक टन साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलंड) सिमेंटमागे ८०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. विजेचा खर्च कमी केला की बांधकामाच्या सामानाचा वाटा मोठा दिसू लागतो. उघडी इमारत निवडणाऱ्याने म्हणूनच चिरा, स्लॅगचं किंवा फ्लायॲशचं सिमेंट आणि लोखंडाचं वजन यांकडे बंद इमारतवाल्यापेक्षा जास्त लक्ष द्यावं. चिऱ्याबद्दल एक अट मात्र घाला: खाण परवान्याची असावी आणि काढून झाल्यावर खड्डा बुजवला जावा. डोंगर पोखरून कमी कार्बनची इमारत बांधण्यात अर्थ नाही.

वारा येतो तिथूनच झड येते

कोकणातली खरी अडचण ही आहे, आणि बाहेरून आलेल्या आर्किटेक्टला ती पहिल्या पावसापर्यंत दिसत नाही. हवा हवी ती नैर्ऋत्येकडून, आणि जूनमध्ये आडवा पाऊसही तिथूनच. जाळी तशीच ठेवली तर बाकं भिजतात. खिडकी बंद केली तर वर्ग कोंदतो. आपल्या आज्यांनी हे पडवीने आणि नारळाच्या विणलेल्या झापांनी सोडवलं होतं. कॉलेजला झापं बांधता येणार नाहीत, पण तत्त्व तेच. पाऊस येतो त्या बाजूला किमान अडीच मीटरची पडवी, तिच्या कडेला बाहेर उतरत्या पट्ट्यांची पक्की झडप, आणि वर्गाच्या विरुद्ध भिंतीत छताजवळ कायम उघड्या खिडक्या. वर्गांची रांग एकपदरी हवी. मध्ये व्हरांडा आणि दोन्हीकडे वर्ग असा नकाशा आला की वारा आरपार जाणं संपलं. जागा वाचते म्हणून असा नकाशा फार लोकप्रिय आहे, आणि पुढे एसी लागतो तो मुख्यतः त्यामुळे.

छताचंही तसंच. रत्नागिरीच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो, पहिल्यांदा मेमध्ये. भिंतींपेक्षा छत जास्त तापतं. सुरुवातीला सांगितलेल्या वर्गावर शेवटी आम्ही लोखंडी कैच्यांवर कौलारू छप्पर चढवलं, स्लॅब आणि कौलं यांच्यात मोकळी हवा ठेवली, सरकत्या खिडक्या काढून बिजागरीच्या लावल्या आणि पश्चिमेच्या काचेपुढे उभ्या पट्ट्या दिल्या. पुढच्या मार्चमध्ये बाकं पुन्हा खिडकीपर्यंत गेली होती. एसीचं कोटेशन फाइलमध्येच राहिलं.

बुरशी

बंद इमारतीच्या बाजूने नेहमी ग्रंथालय पुढे करतात: पुस्तकं टिकायची तर एसी हवा. मी उलट पाहिलंय. एका ग्रंथालयात पावसाळ्यात एसी १८ वर ठेवत, संध्याकाळी बंद करत. सकाळी शेल्फच्या मागच्या भिंतीवर हात फिरवला तर ओला. कपाटाच्या तळच्या कप्प्यातल्या बांधीव अंकांच्या पाठीवर करडी साय धरलेली. कारण साधं आहे. पावसाळ्यात इथल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो, २४-२५ अंशांच्या घरात असतो, त्याखाली गार झालेल्या कुठल्याही भिंतीला घाम फुटतो. एसी रोज सहा-आठ तास चालवणं म्हणजे भिंत रोज गार करून रात्री ओली करणं. पुस्तकांसाठी एक तर अखंड चालणारं दमटपणा काढणारं यंत्र हवं, नाहीतर भिंतीपासून सुटी कपाटं आणि सतत वाहता वारा. मधल्या पर्यायातली २८ अंशांची हवा या दवबिंदूच्या वर राहते, म्हणून तिथे हा धोका बराच कमी होतो.

खाऱ्या वाऱ्यात एसीच्या बाहेरच्या युनिटची कॉइलही लवकर गंजते. गॅस गळतो. जुना आर-४१०ए गॅस असेल तर १ किलो गळती म्हणजे २ टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकं नुकसान, आणि ते विजेच्या बिलात दिसत नाही.

मग निवडायचं काय

संपूर्ण इमारतीसाठी एकच पर्याय निवडू नका, खोलीवार निवडा. साधे वर्ग, व्हरांडे, कॅन्टीन, शिक्षकांच्या खोल्या उघड्या. परीक्षा हॉल, संगणक कक्ष आणि अभ्यासिका मधल्या पद्धतीच्या, मोठ्या मंद पंख्यांसह आणि ताज्या हवेसह. सर्व्हर आणि नाजूक उपकरणं यांच्यासाठी दोन-तीन लहान खोल्या पूर्ण बंद. तुमची जागा महामार्गाला लागून असेल तर हिशेब बदलतो. ट्रकच्या आवाजात उघड्या खिडकीपाशी शिकवता येत नाही. तिथे रस्त्याकडे जिने, स्वच्छतागृहं आणि मधल्या पद्धतीच्या खोल्या ठेवा, वर्ग आतल्या अंगाला वळवा. शहरातल्या अर्ध्या एकरात दहा मजले चढवायचे असतील तर उघडी इमारत नीट जमणार नाही, तिथे मधलीच धरा.

आणि जुनी इमारत पाडायचं ठरलं असेल तर एकदा थांबा. सिंगापूरच्या त्याच विभागाने एसडीई-४ शेजारच्या आपल्या १९७० च्या दशकातल्या इमारती पाडल्या नाहीत, त्याच सांगाड्यावर नव्याने घडवल्या. सांगाड्यातलं सिमेंट आणि लोखंड एकदा खर्च झालेलं आहे. तो सुदृढ आहे की नाही हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या, मगच पाडकामाचं टेंडर काढा.

नव्या नकाशात मधल्या खोल्यांसाठी डक्टची भोकं आणि वायरिंग ठेवायला सांगा, पण यंत्र लगेच घेऊ नका. सावली, पडवी आणि पंखे लावून दोन ऑक्टोबर वर्ग भरवा, दुपारी ३ वाजता स्वतः शेवटच्या बाकावर बसून बघा, आणि ज्या खोल्यांत खरंच बसवत नाही तेवढ्याच खोल्यांची ऑर्डर द्या.