स्वस्त क्यूएलसी एसएसडी : काही महिने वापरल्यानंतर

घरच्या कॉम्प्युटरमध्ये १ टीबीची स्वस्तातली एनव्हीएमई (जलद जोडणीची) एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह, बसवून बरेच महिने झाले. कंपनीचं नाव देत नाही, कारण क्यूएलसी फ्लॅश (एका सेलमध्ये, म्हणजे चिपवरच्या सूक्ष्म कप्प्यात, चार बिट साठवणारी मेमरी) असलेल्या आणि स्वतःची डीरॅम (तात्पुरती वेगवान मेमरी) नसलेल्या बहुतेक ड्राइव्हना हा अनुभव लागू पडेल.

रोजच्या कामात मी पूर्ण समाधानी आहे. विंडोज झटकन सुरू होतं, मागे अपडेट चालू असलं तरी मशीन अडत नाही. महागडी ड्राइव्ह लावलेल्या मशीनवर बसलो तरी एवढ्या कामात फरक जाणवत नाही.

फरक कळतो मोठी कॉपी मारताना. व्हिडिओंचं भलंमोठं फोल्डर टाकलं की सुरुवातीला सेकंदाला दीड-दोन हजार एमबीचा वेग दिसतो. काही मिनिटांनी आलेख एकदम कोसळतो आणि शंभराच्या आसपास रेंगाळतो, म्हणजे साध्या हार्ड डिस्कइतका किंवा त्याहूनही कमी. ड्राइव्हमध्ये बिघाड नसतो. रिकाम्या जागेचा काही भाग ती एका सेलमध्ये एकच बिट लिहून कॅशसारखा, म्हणजे तात्पुरती वेगवान जागा म्हणून, वापरते, आणि तो भरला की थेट चार-चार बिट लिहावे लागतात. ते संथ काम आहे. ड्राइव्ह जितकी भरलेली, तितकी ही कॅश लहान होते. म्हणून मी पाव भाग कायम मोकळा ठेवतो.

किमती उतरल्या त्यामागेही हेच आहे. एका सेलमध्ये एकाऐवजी तीन, मग चार बिट कोंबले गेले. शिवाय २०१३ मध्ये सॅमसंगने सेलचे २४ थर एकावर एक रचलेली फ्लॅश बाजारात आणली, आज दोनशेहून जास्त थर रचले जातात. अर्थात भाव एकाच दिशेने जात नाहीत. २०२३ मध्ये माल पडून राहिल्याने ते तळाला गेले, कंपन्यांनी उत्पादन कापलं आणि ते पुन्हा चढले.

आता टिकाऊपणा. सॅमसंगच्याच १ टीबी मॉडेलांत टीएलसी (एका सेलमध्ये तीन बिट) असलेल्या ८७० ईव्हीओला ६०० टीबी लिखाणाची हमी आहे, क्यूएलसीच्या ८७० क्यूव्हीओला ३६०. आकडा बराच कमी, पण रोज ३० जीबी लिहिलं तरी वर्षाला ११ टीबीच होतात. ३६० संपायला तीस वर्षं लागतील! क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्ह तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये माझ्या ड्राइव्हची तब्येत अजून ९९ टक्के दिसते. घरगुती वापरात सेल झिजण्याची धास्ती घेऊ नका.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. हार्ड डिस्क बरेचदा आधी खडखडते, अडखळते, काहीतरी इशारा देते. एसएसडीचा कंट्रोलर (तिचं काम चालवणारी चिप) गेला तर सकाळी बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ड्राइव्हच दिसत नाही, आदल्या दिवशी तब्येत ९९ टक्के असली तरी. शिवाय ट्रिम (डिलीट झालेली जागा मोकळी करायला ड्राइव्हला सांगणारी सोय) चालू असल्यामुळे डिलीट केलेली फाइल रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळण्याची आशा जवळपास नसते. वॉरंटीत नवी ड्राइव्ह मिळते, फोटो मिळत नाहीत. म्हणून स्वस्त ड्राइव्ह घेऊन वाचलेले पैसे मी बाहेरच्या हार्ड डिस्कमध्ये घातले आणि दर आठवड्याला तिच्यावर बॅकअप घेतो. बॅकअपसाठी एसएसडी वापरून ती कपाटात ठेवून देणं मला पटत नाही. वीज न मिळता वर्षानुवर्षं पडून राहिली की सेलमधला चार्ज हळूहळू गळतो.

व्हिडिओ एडिटिंग करत असाल तर मात्र थोडे पैसे जास्त टाकून टीएलसीच घ्या, आणि फ्लॅशचा प्रकार स्पेसिफिकेशनमध्ये स्पष्ट लिहिलेला नसेल तर ते मॉडेल सोडून द्या.