घिबली की डेटोना?

मासेराती घिबली आणि फेरारी डेटोना, साठच्या दशकातल्या दोन इटालियन स्पोर्ट्स गाड्या. दोन्हींची इंजिनं पुढे, बसायला दोघंच, आणि एका दमात शेकडो किलोमीटर कापायची ताकद. तरी स्वभाव वेगळे.

मासेराती घिबली १९६६ साली इटलीतल्या तुरिनच्या मोटार प्रदर्शनात आली. डिझायनर जुजारोने घिया या गाड्यांची बॉडी घडवणाऱ्या कंपनीसाठी रेखाटलेलं तिचं लांब, सपाट नाक आजही मान वळवायला लावतं. ४.७ लिटरचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन रेसिंगच्या घराण्यातलं. मागे मात्र दोन्ही चाकं जोडणारा अखंड ॲक्सल आणि चक्क पाटे, आपल्या ट्रकला असतात तसे! खराब रस्त्यावर ते जाणवतंच.

फेरारी ३६५ जीटीबी/४ दोन वर्षांनी पॅरिसमध्ये दिसली. १९६७ च्या डेटोना शर्यतीत फेरारीने पहिले तिन्ही क्रमांक पटकावले होते, त्यावरून ‘डेटोना’ हे टोपणनाव चिकटलं. ४.४ लिटरचं व्ही-१२ (बारा सिलिंडरचं) इंजिन, त्याला हवा-पेट्रोल मिसळून देणारे सहा वेबर कार्ब्युरेटर, वजन तोलायला गिअरबॉक्स मागे. कमी वेगात स्टिअरिंग जड, वेग वाढला की गाडी खुलते.

किमतीत डेटोना बरीच वर. उघड्या टपाची मिळत असेल तर चॅसिस नंबर आधी तपासा. अनेक कूपेंची, म्हणजे मुळात बंद टपाच्या गाड्यांची, छपरं नंतर कापलेली आहेत.

मी? पाट्यांसकट घिबलीच घेईन.