वर्डमधलं इक्वेशन: जूनपासून बोर्डाच्या सराव पेपरपर्यंत वापरून बघितलं

लातूरला ट्युशन एरियात डीटीपीचं काम करतो, म्हणजे गिऱ्हाईक कोण ते सांगायलाच नको, सगळे क्लासवाले सर. नीट, जेईई, सीईटी, बोर्ड. रविवारी टेस्ट असली की शनिवारी रात्री वहीच्या पानांचे फोटो येतात आणि खाली एकच ओळ, सकाळी सहाला पाहिजे. आधी हे सगळं मॅथटाईपवर, म्हणजे समीकरणं लिहायच्या वेगळ्या सॉफ्टवेअरवर करायचो, ते चांगलंच आहे, पण आता त्याचे पैसे दरवर्षी भरावे लागतात, म्हणून यंदा जूनपासून ठरवून वर्डच्या आतल्याच इक्वेशनवर करायलोय.

एक आधीच क्लिअर करतो, लई जण अजून वर्डमधलं ते जुनं समीकरण लिहायचं इक्वेशन एडिटर 3.0 मागत येतात. ते गेलं आता. त्यात सिक्युरिटीचं भगदाड सापडलं म्हणून जानेवारी 2018 च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टनंच ते काढून टाकलं. ते मुळात मॅथटाईपवाल्यांचंच छोटं रूप होतं, त्यामुळं त्यातली जुनी समीकरणं मॅथटाईपमध्ये उघडतात. मी बोलायलोय ते 2007 पासून वर्डमध्ये आलेल्या इक्वेशनबद्दल, ते पूर्ण वेगळं आहे.

आता मुद्द्याचं. हे माऊसनं वापरायचं असेल तर वापरूच नका. वरच्या पट्टीवर जाऊन अपूर्णांकाचा चौकोन निवडा, वरच्या डब्यात क्लिक करा, खालच्या डब्यात क्लिक करा, असं केलं तर तीस प्रश्नांना रात्र जाते आणि मग लोक म्हणतात वर्ड बेकार. आल्ट आणि बरोबरचं चिन्ह (=) दाबलं की इक्वेशनचा डबा उघडतो, त्यात सरळ टाईप करत जायचं. (ए+बी)/सी लिहून स्पेस मारली की अपूर्णांक उभा राहतो आणि बाहेरचा कंस आपोआप जातो, कंस दिसायलाच पाहिजे असेल तर दोनदा द्यायचा. घातासाठी कॅरेट (^), खालच्या अंकासाठी अंडरस्कोर, बॅकस्लॅश देऊन अल्फा, थीटा असं स्पेलिंग लिहिलं की चिन्ह येतं. साईन, कॉस लिहून स्पेस दिली की अक्षरं सरळ होतात, तिरकी राहत नाहीत. मॅट्रिक्समध्ये आडव्या ओळीतल्या संख्यांमध्ये अँडचं चिन्ह आणि ओळ बदलायला ॲट द रेट, बस. हात बसायला थोडा वेळ लागतो पण बसला की माऊसची आठवण येत नाही. नवीन व्हर्जनमध्ये लाटेक, म्हणजे गणित कोडमध्ये लिहायची पद्धत, पण चालतं, जेईईवाल्या एका सरांना तेच येतं, ते तसंच पाठवतात, मी पेस्ट करून कन्व्हर्ट करतो.

आपल्या बोर्डाच्या उत्तरांना प्रत्येक पायरीला ते तीन टिंबांचं 'म्हणून' लागतं, बघा. बॅकस्लॅश देऊन देअरफोर लिहिलं की येतं, पण मी मॅथ ऑटोकरेक्टच्या यादीत (टाईप केलेल्याचं आपोआप चिन्ह करणारी वर्डची यादी) त्याला दोनच अक्षरांचा शॉर्टकट दिलाय. वर्गसमीकरणाचं सूत्र रेडीमेड गॅलरीतच आहे, द्विपद प्रमेय पण आहे. पायऱ्या एकाखाली एक घेताना एंटर नाही, शिफ्ट एंटर मारायचं, मग सगळं सिलेक्ट करून राईट क्लिकमधनं बरोबरच्या चिन्हाशी अलाईन करायचं. सरांना हे लई आवडलं, आधी स्पेस मारून मारून जुळवायचे आणि प्रिंटला सगळं हलायचं.

खरी डोकेदुखी पर्यायांची. चार पर्याय एका ओळीत, त्यात अपूर्णांक असला की तो एवढासा होतो, कारण मजकुराच्या ओळीत बसलेलं समीकरण वर्ड बारीकच करतं आणि ओळीत एकटं असलं तरच मोठं ठेवतं. मागच्या बाकावरच्या लेकरांना काय दिसणार कप्पाळ. मी काय करतो, बिनरेषेचं टेबल घेतो, ए बी सी डी ही अक्षरं एका खान्यात आणि समीकरण शेजारच्या खान्यात एकटं, की ते पूर्ण मापात येतं. मग ते मधोमध जातं म्हणून डावीकडं घ्यायचं. टेबलचा साचा एकदा करून ठेवला की दर टेस्टला तोच चालतो. आणि ओळीचं अंतर एक्झॅक्टली ठेवलेलं असेल तर अपूर्णांकाचं डोकं कापलं जातं, मराठी पेपरमध्ये हे हमखास, कारण ओळी सारख्या दिसाव्यात म्हणून आपण तेच ठेवतो.

मराठी मीडियमचं काम असेल तर शब्द डब्याच्या बाहेरच ठेवा. इक्वेशनचा फॉन्ट कॅम्ब्रिया मॅथ, त्यात देवनागरी नाहीच, युनिकोड असेल तर दुसऱ्या फॉन्टमधनं कसंतरी दिसतं, पण श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टातला मजकूर आत गेला की सरळ इंग्रजी अक्षरांची भेळ. टाईम्स न्यू रोमन पण तिथं लागत नाही, म्हणून मी बाकीचे इंग्रजी प्रश्नच कॅम्ब्रियात घेतो, नाहीतर प्रश्नातला एक्स वेगळा आणि समीकरणातला वेगळा दिसतो, आणि तेवढं पालकांना पण कळतं.

छपाईला देताना पीडीएफच द्यायची. एका प्रेसवाल्यानं आमची फाईल जुन्या डॉक फॉरमॅटमध्ये सेव्ह केली, त्यात समीकरणांचे फोटो होतात, मग ऐनवेळी सरांनी एक वजाचं चिन्ह बदलायला सांगितलं तर बदलताच येईना. आमची मूळ फाईल होती म्हणून निभावलं.

लिबरऑफिस फुकट आहे, त्यातल्या रायटरमध्ये (वर्डसारखंच ते) एफएन लिहून एफ3 दाबलं की नंबरसकट समीकरण येतं, एकट्यानं घरी करायचं असेल तर बघा. पण त्याची लिहायची पद्धत वेगळी, अपूर्णांकाला तिरकी रेघ नाही, ओव्हर शब्द लिहावा लागतो, आणि माझ्याकडं येणारे सगळे वर्डच्याच फाईली आणतात.

मॅथटाईपचे पैसे यंदा भरलेले नाहीत आणि जूनमध्ये पण भरणार नाही. फक्त पीसी बदलणार असाल तर ऑटोकरेक्टची यादी फाईलीबरोबर येत नाही, ती त्या मशीनवरच राहते, म्हणून मी माझे सगळे शॉर्टकट एका कागदावर लिहून मॉनिटरशेजारी चिकटवलेत.