रेल्सचं कंडिशनल व्हॅलिडेशन: टॉवेल कारखान्यात वापरून झाल्यावर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं ऑर्डर ते डिस्पॅच सगळं काम रेल्सवर, म्हणजे वेब अ‍ॅप्स बनवायच्या रूबी भाषेतल्या फ्रेमवर्कवर चालतं. दिवाळीच्या आधीपासून मी ते सांभाळतोय. एवढ्या दिवसांत मला सगळ्यात जास्त आवडलेली आणि सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे मॉडेलमधलं (डेटाचे नियम जिथे लिहितात तिथलं) कंडिशनल व्हॅलिडेशन: ठरावीक अट लागू असेल तरच एखादी माहिती तपासायची.

इथली गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याकडून १५ अक्षरी जीएसटी क्रमांक हवाच. परदेशी खरेदीदाराकडे तो नसतोच. व्हॅलिडेशनच्या ओळीत 'इफ' लिहून पुढे मेथडचं, म्हणजे अट तपासणाऱ्या कोडच्या तुकड्याचं नाव दिलं की झालं. तिथेच लॅम्डाही (बिननावाचा छोटा कोड) लिहिता येतो, पण मी मेथडच करतो. नाव चांगलं असेल तर नव्या माणसाला कोड वाचतानाच धंदा कळतो.

खरा कस लागला ई-वे बिलावर, म्हणजे माल वाहतुकीसाठी काढाव्या लागणाऱ्या ऑनलाइन कागदावर. राज्याबाहेर विजापूरला माल निघाला तर ५० हजारांच्या वर ते लागतं, राज्यातच पुण्याला निघाला तर १ लाखाच्या वर. मेथडमध्ये ही अट छान बसते, पण रक्कम रिकामी असेल तर तुलना करतानाच पान कोसळतं. रकमेचं स्वतःचं व्हॅलिडेशन नापास झालं म्हणून पुढची थांबत नाहीत. त्यामुळे अटीत आधी रक्कम आहे का, हे बघायचंच.

शिवाय फोनवर ऑर्डर घेताना ई-वे बिल कुठून येणार? इथे 'इफ' वाढवत बसू नका, 'ऑन' वापरून डिस्पॅचचा वेगळा कॉन्टेक्स्ट (त्या प्रसंगापुरता तपासणीचा गट) करा आणि सेव्ह करताना तो द्या. ऑफिसातल्या बाईंची अडवणूक यानेच थांबली. मात्र असा कॉन्टेक्स्ट दिला की 'क्रिएट' आणि 'अपडेट'साठी लावलेली व्हॅलिडेशन्स त्या वेळी चालत नाहीत, हे आधीच तपासून घ्या.

अजून एक. अट खोटी ठरली की रेल्स ते फील्ड तपासत नाही, पण रिकामंही करत नाही. व्यापाऱ्याची नोंदणी रद्द झाली, तुम्ही नोंदणीची खूण काढून टाकली, तरी जुना क्रमांक डेटाबेसमध्ये तसाच राहतो आणि पुढच्या बिलावर छापला जाऊ शकतो. तो आम्ही तपासणीच्या आधी चालणाऱ्या 'बिफोर व्हॅलिडेशन'मध्ये पुसतो.

फॉर्मवर फील्ड दाखवणं-लपवणं मात्र स्टिम्युलसमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये, वेगळं लिहावं लागतं. तीच अट दोन ठिकाणी सांभाळायची, हे मला अजूनही खटकतं.