साडेचार महिन्यांत माझी एकही रेष कुणी खोडली नाही

नागपुरात डिजिटल पेंटिंगच्या क्लासला पैसे भरायच्या विचारात असाल, किंवा घरातली मुलगी-मुलगा "टॅब्लेट घेऊन द्या, कोर्स लावून द्या" म्हणून मागे लागले असतील, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. माझे ९२,५०० रुपये गेले. त्यातले ६३,००० तर माझ्या नावावर काढलेलं कर्ज होतं, आणि ते कर्ज आहे हे मला पहिला हप्ता कापला गेल्यावर कळलं. क्लासचं नाव इथे लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे.

मी हिंगण्याला एका कंपनीत अकाउंट्स बघते. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, इंटरमिजिएटला ए ग्रेड होती. दहावीनंतर घरच्यांनी कॉमर्सला टाकलं आणि रंगाची पेटी माळ्यावर गेली. ती सल मनात होती. २०२४ च्या जूनमध्ये मोबाइलवर जाहिरात दिसली: डावीकडे एक कच्चं, वेडंवाकडं चित्र, त्यावर लिहिलेलं 'पहिला दिवस', उजवीकडे त्याच मुलीचं म्हणून एक देखणं पोर्ट्रेट, 'तिसावा दिवस'. पूर्वी चित्र काढलेलं असण्याची गरज नाही, नोकरीची हमी, आंतरराष्ट्रीय मान्यतेचं प्रमाणपत्र.

रविवारी धरमपेठेत त्यांच्या ऑफिसात गेले. काचेचं दार, एसी, ओळीने मांडलेले मोठे मॉनिटर, भिंतीवर फ्रेम केलेली 'विद्यार्थ्यांची' चित्रं. काउन्सेलर मुलगी माझ्याहून लहान असेल. मी मोबाइलमधली माझी दोन जुनी स्केचेस दाखवली, तर ती म्हणाली, "ताई, तुमचा हात तर आधीच बसलेला आहे. तुम्हाला सहा महिन्यांत काम भेटतेच. पण उद्यापासून फी वाढून राहिली आहे." फी ७८,०००. त्यातले १५,००० लगेच, बाकीचे ५,२५० चे १२ हप्ते, 'नो-कॉस्ट'. मला वाटलं, हप्ते क्लासलाच भरायचे.

पुढची दहा मिनिटं मला अजून लख्ख आठवतात. तिने पॅन आणि आधार कार्डाचे फोटो घेतले. माझाच फोन माझ्यासमोर धरून सेल्फी काढला. ओटीपी आला, तिने विचारला, मी वाचून दाखवला. दुसरा आला, तोही सांगितला. मग स्क्रीनवर इंग्रजीत लांबलचक मजकूर उघडला. तिने बोटाने तो भराभर वर सरकवत नेला आणि अगदी शेवटी, सहमतीच्या बटणावर, फोन माझ्या हातात दिला. "ताई, इथे फक्त दाबा, हप्त्याचं रजिस्ट्रेशन आहे." मी दाबलं. दिवसभर दुसऱ्यांच्या व्हाउचरवर सही करण्याआधी मी तीनदा वाचते. तिथे नाही वाचलं, कारण माझं सगळं लक्ष भिंतीवरच्या चित्रांकडे होतं.

तो मजकूर म्हणजे एका वित्त कंपनीचा कर्जकरार होता, आणि दुसरा ओटीपी माझ्या बँक खात्यातून दर महिन्याला पैसे आपोआप कापण्याच्या मॅंडेटचा. हे चक्र कसं चालतं ते पालकांनी समजून घ्यावं. वित्त कंपनी कर्जाची रक्कम एकरकमी क्लासला देते. व्याजाचा भार क्लास आपल्या हिश्शातून सोसतो, म्हणून तुम्हाला 'नो-कॉस्ट' सांगतात. पण कर्जदार तुम्ही असता. क्लासच्या हातात पहिल्याच आठवड्यात सगळे पैसे पडलेले असतात, त्यामुळे तुम्ही शिकलात काय, सोडून गेलात काय, त्यांना फरक पडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांप्रमाणे करारासोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक, द्यावं लागतं आणि कर्ज दंडाशिवाय परत करण्यासाठी 'कूलिंग-ऑफ'ची मुदतही असते. ते पत्रक मला ई-मेलवर आलं होतं. मी उघडलं तेव्हा ती मुदत कधीच संपून गेली होती.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी टॅब्लेट घ्यायला लावला. स्क्रीन नसलेला, नुसता पाटीसारखा पेन टॅब्लेट, १४,५०० रुपये रोख, पावती साध्या कागदावर. "८१९२ प्रेशर लेव्हल आहेत, बाहेर भेटणार नाही" असं सांगितलं. प्रेशर लेव्हल म्हणजे पेन किती दाबलंय ते ओळखण्याच्या पायऱ्या. तोच मॉडेल नंतर मी सीताबर्डीत विचारला, तर ५,२०० ला होता, आणि ८१९२ लेव्हल तर हल्ली बहुतेक स्वस्त टॅब्लेटमध्येही असतात. फोटोशॉप त्यांनी पेनड्राइव्हमधून टाकून दिलं. अस्सल फोटोशॉप मासिक किंवा वार्षिक वर्गणीवर मिळतं, पेनड्राइव्हमधलं म्हणजे चोरीचं. शिकणाऱ्याला त्याची गरजही नसते. क्रिता हे सॉफ्टवेअर त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं, ते खास चित्रकारांसाठीच बनवलेलं आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. आज मी तेच वापरते.

आता शिकवण्याबद्दल सांगते, कारण खरी फसवणूक मला तिथे झाली असं वाटतं. पैशांची फसवणूक आकड्यांत मोजता येते. ही मोजता येत नाही.

पहिल्या दिवशी आम्हाला एका नटीचा फोटो दिला. तो खालच्या लेयरवर, म्हणजे थरावर, ठेवायचा, ओपॅसिटी ४० वर आणून फिकट करायचा, वर नवा लेयर घेऊन नाक-डोळे-ओठ गिरवायचे. मग आयड्रॉपरने फोटोतलाच रंग उचलायचा, गिरवलेल्या जागी भरायचा आणि स्मज टूलने घासून गुळगुळीत करायचा. आठव्या दिवशी माझं पोर्ट्रेट तयार होतं. आईने ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, मावशीचा फोन आला. मी इतकी खूश होते की चार रात्री मला धड झोप नव्हती. क्लासने ते चित्र आणि माझं पहिल्या तासाला घाईत काढून घेतलेलं स्केच शेजारी शेजारी लावून जाहिरातीत टाकलं. जी जाहिरात बघून मी आले होते, तसलीच जाहिरात आता माझ्या चित्राची झाली. ती बघून कुणी पैसे भरले असतील, तर त्याचा सल मला आहे.

गिरवणं हा गुन्हा नाही. कामाच्या घाईत मोठे चित्रकारही फोटो वापरतात. पण त्यांना फोटोशिवाय काढता येत असतं.

मला येत नव्हतं, हे एका कपाने दाखवलं. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी लाइट गेले. मॉनिटर बंद, म्हणून मी वही काढली आणि टेबलावरचा चहाचा कप काढायला घेतला. शाळेत असताना तांब्या, सुरई, फळं असं स्थिरचित्र तासन् तास केलेलं, आणि आता कपाचं तोंड जमेना. लंबगोलाची दोन्ही टोकं चिंचेच्या बीसारखी टोकदार येत होती आणि तळ सरळ पट्टीने मारल्यासारखा. लंबगोल टोकाशीही वळतच असतो, तिथे कोपरा नसतो. आणि कप नजरेच्या खाली असला की तळाचा लंबगोल तोंडाच्या लंबगोलापेक्षा जास्त उघडा, जास्त गोल दिसतो, कारण तो नजरेच्या पातळीपासून जास्त खाली असतो. इंटरमिजिएटच्या मुलाला हे माहीत असतं. मलाही तेव्हा होतं. लाइट आल्यावर मी ती वही 'फॅकल्टी' म्हणवणाऱ्या मुलाला दाखवली आणि विचारलं, हे कुठे चुकतंय? त्याने वही हातातसुद्धा घेतली नाही. म्हणाला, "मॅडम, कागदावर कशाला काढून राहिल्या? सॉफ्टवेअरमध्ये एलिप्स टूल आहे ना."

त्या दिवशी मी मागचा हिशोब केला. इतक्या आठवड्यांत माझ्या एकाही चित्रावर कुणी बोट ठेवून "हे चुकलं" म्हटलं नव्हतं. प्रत्येकाला 'सुपर', 'एक नंबर'. परस्पेक्टिव्ह नाही, प्रकाश-छाया नाही, हाडा-स्नायूंची ओळख नाही. तरीही मी जात राहिले, कारण हप्ता तर कापलाच जात होता.

सप्टेंबरपासून तो मुलगाही येईनासा झाला आणि पडद्यावर व्हिडिओ लागू लागले. प्रत्येक व्हिडिओच्या उजव्या कोपऱ्यात एक धूसर चौकोन असायचा. एकदा चित्र मोठं करून दाखवताना तो चौकोन क्षणभर सरकला आणि खाली एका परदेशी चॅनेलचं चिन्ह दिसलं. घरी येऊन शोधलं, तर तीच मालिका इंटरनेटवर फुकट होती. मग मी भिंतीवरच्या फ्रेमचे फोटो गूगल लेन्समध्ये टाकले. पाचपैकी चार चित्रं वेगवेगळ्या देशांतल्या चित्रकारांच्या पानांवर सापडली, सहीसकट. इथे सहीची जागा कापलेली होती.

मी संचालकांना भेटले. फार गोड बोलले, प्रमाणपत्र दाखवलं, त्यावर आयएसओ ९००१ चा शिक्का आणि उद्यम नोंदणीचा क्रमांक. दोन्ही खरे असतीलही. पण आयएसओ ९००१ हे कामकाजाच्या व्यवस्थापनाबद्दलचं प्रमाणपत्र आहे आणि उद्यम ही लघुउद्योगाची नोंदणी, जी कुणीही फुकट ऑनलाइन करतो. यातलं एकही अभ्यासक्रमाला मान्यता देत नाही. 'मान्यताप्राप्त' म्हटलं की कुणाची मान्यता, कोणत्या अभ्यासक्रमाला, हे लेखी मागा. फीच्या पावतीवर जीएसटी क्रमांक असेल तर तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, कुणाच्या नावावर आहे ते दिसतं.

दिवाळीची सुट्टी लागली, आणि सुट्टी संपून गेलो तर बोर्ड उतरवलेला, कुलूप, फोन बंद. खालच्या दुकानदाराने सांगितलं की सामान रात्री टेम्पोतून गेलं.

वित्त कंपनीने उत्तर दिलं की करार तुमच्याशी आहे, क्लासशी तुमचं काय ते तुम्ही बघा. बॅचमधल्या दोघांनी बँकेत जाऊन मॅंडेट बंद केलं. त्यांचा सिबिल स्कोअर पडला आणि वसुलीचे फोन घरच्यांना जाऊ लागले. मला पुढे घरासाठी कर्ज काढायचं होतं, म्हणून मी सगळे हप्ते भरले, शेवटचा २०२५ च्या जूनमध्ये. माझा निर्णय बरोबर होता असं ठामपणे मला सांगता येत नाही.

क्लास बंद झाला त्याच हिवाळ्यात मी शाळेतल्या चित्रकलेच्या सरांकडे गेले. निवृत्त आहेत, नागपूरच्या महाल भागात राहतात. त्यांना पोर्ट्रेट दाखवलं. चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, यात प्रकाश कोणत्या बाजूने येऊन राहिला?" मला सांगता येईना. चित्र माझं, आणि मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी चार वाजता त्यांनी मला दीक्षाभूमीवर बोलावलं. बाहेर उभं राहून स्तूपाचा घुमट बघायला लावला. पांढरा, एवढा मोठा अर्धगोल नागपुरात दुसरा कुठे मिळणार! जिथे ऊन थेट पडतं तिथे सर्वात उजेड, मग हळूहळू उतरत जाणारा करडेपणा, मग सर्वात गडद पट्टा. आणि त्या पट्ट्याच्या पलीकडे, अगदी कडेला, पुन्हा थोडा उजेड. "तो कुठून आला?" सरांनी विचारलं. जमिनीवरचं ऊन उसळून वर आलेलं. परावर्तित प्रकाश. "आणि काळा कुठे दिसला का तुला?" नव्हता. सावलीत निळसर करडा होता, कारण तिथे आकाशाचा उजेड पोचत होता. मी सावली म्हणून काळा ब्रश फिरवत आले होते. सरांच्या घरी येऊन ४बी पेन्सिलने एक चेंडू काढला. सरांनी त्यातली गडद पट्ट्याची कड खोडरबराने पुसली, कारण मी ती कापल्यासारखी सरळ केली होती, आणि पुन्हा काढायला लावली. सहा वेळा. महिन्याची फी ८०० रुपये.

म्हणून क्लास बघायला जाल तेव्हा शिकवणाऱ्यालाच भेटा आणि समोर कागद ठेवून एक कप काढून दाखवायला सांगा. आधीच्या विद्यार्थ्याचं तयार चित्र बघू नका, त्याची लेयर असलेली मूळ फाइल उघडून दाखवायला सांगा. तयार जेपीजी कुणाचंही असू शकतं. मूळ फाइलमध्ये कच्च्या रेषा, फसलेले लेयर सापडतात, आणि खाली फोटो दडवलेला असेल तर तोही. आणि हप्त्याचं नाव निघालं की एकच विचारा: हे कर्ज कोण देतंय आणि कर्जदार म्हणून कुणाचं नाव आहे? ओटीपी कुणालाही वाचून दाखवू नका, मग समोरची मुलगी कितीही गोड 'ताई' म्हणो.

तक्रारीचं सांगते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, आधी नोंद केली. वित्त कंपनीला लेखी तक्रार दिली, ३० दिवसांत समाधान झालं नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन गेले. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, पोच घेतली. जिल्हा ग्राहक आयोगात आम्ही सात जणांनी स्वतंत्र तक्रारी दाखल केल्या. ५ लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणात तिथे शुल्क लागत नाही आणि वकील केलाच पाहिजे असंही नाही. तारखा चालू आहेत.

आमच्या बॅचचे बरेच जण अजून गप्प आहेत, घरच्यांना कळेल म्हणून. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत आयोगात जावं लागतं, आणि क्लास २०२४ च्या नोव्हेंबरात बंद झाला. पावती नसेल तर यूपीआयचा व्यवहार, हप्त्याचे बँक स्टेटमेंट, काउन्सेलरचे व्हॉट्सअॅप मेसेज, जे असेल ते जपून ठेवा आणि मुदत संपायच्या आत दाखल करा. अर्ज मराठीत लिहिता येतो. माझा मी मराठीतच लिहिलाय, नमुना हवा असेल तर मागा, पाठवते.